कोठडीतले १,८८८ आणि शिक्षा झालेले २६

हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथ तालुक्यात, पूर्णा नदीवर सिद्धेश्वर धरण आहे. त्याची मातीची भिंत सुमारे ६,३५० मीटर लांब आहे. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत रमतगमत चालायचं तर दीड तास हवा. या भिंतीवर खांद्याला खांदा लावून, दर अर्ध्या मीटरला एक याप्रमाणे माणसं उभी केली, तर एका रांगेत १२,७०० माणसं मावतील.

२०२२ च्या अखेरीस देशाच्या तुरुंगांत ४,३४,३०२ कच्चे कैदी होते. कच्चा कैदी म्हणजे ज्याच्यावरचा गुन्हा अजून सिद्ध झालेला नाही असा माणूस. या सगळ्यांना सिद्धेश्वरच्या भिंतीवर आणलं, तर एकामागे एक अशा ३४ रांगा लागतील. तुरुंगांतल्या एकूण ५,७३,२२० माणसांपैकी दर शंभरात ७६ जण या रांगांतले होते. २०११ च्या जनगणनेत हिंगोली जिल्ह्याची लोकसंख्या ११,७७,३४५ होती. म्हणजे अख्ख्या जिल्ह्यातल्या दर शंभर माणसांपैकी ३७ जण उचलून निकालाची वाट बघत आत ठेवावेत, एवढी ही संख्या आहे. या कच्च्या कैद्यांपैकी ११,४४८ जणांनी निकालाविना पाच वर्षांहून जास्त काळ आत काढला होता.

या रांगांत कोण उभं आहे? केंद्र सरकारने संसदेत दिलेल्या माहितीप्रमाणे २०१९ च्या अखेरीस तुरुंगांत ४,७८,६०० माणसं होती. त्यांत अनुसूचित जातींचे ९९,२७३, म्हणजे २०.७४ टक्के, देशाच्या लोकसंख्येत त्यांचा वाटा १६.६ टक्के. अनुसूचित जमातींचे ५३,३३६, म्हणजे ११.१४ टक्के, लोकसंख्येतला वाटा ८.६ टक्के. त्या वर्षी कच्च्या कैद्यांमध्ये मुस्लिम १८.७ टक्के होते. लोकसंख्येतला वाटा १४.२ टक्के. दरवर्षी आकडे थोडे खालीवर होतात, कल मात्र तोच राहतो.

या तक्त्यांत एक रकाना मुळातच नाही. ज्यांना एकेकाळी कायद्यानेच ‘जन्मजात गुन्हेगार’ ठरवलं होतं, ते विमुक्त आणि भटके किती आत आहेत, हे तुरुंगाची राष्ट्रीय आकडेवारी सांगत नाही. पोलीस सुधारणेबद्दल मला जे म्हणायचं आहे ते इथूनच सुरू होतं. आपल्या व्यवस्थेने ज्यांच्यावर संशय घेतला त्यांची मोजदाद फार काटेकोर ठेवली. त्या संशयापायी स्वतःच्या हातून जे घडलं, त्याची मोजदाद मात्र तिने कधीच नीट केली नाही. मोजणीची ही दिशा बदलल्याशिवाय सुधारणा होणार नाही.

१८३६ : हिंगोलीच्या छावणीतून निघालेली वाट

हिंगोली शहरात पलटण, रिसाला, तोफखाना, पेन्शनपुरा, सदर बाजार ही नावं अजूनही लोकांच्या तोंडी आहेत. निजामाच्या राज्यातली ही लष्करी छावणी. ठगीच्या इतिहासात हिंगोलीचं नाव येतं ते या छावणीमुळेच. छावणीच्या बाजारात इभ्रतदार कापड व्यापारी म्हणून वावरणारा हरीसिंग ठगांचा म्होरक्या निघाला, ही हकिकत मेडोज टेलर यांनी १८३९ साली प्रसिद्ध झालेल्या ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ या कादंबरीच्या प्रस्तावनेत दिली आहे.

वाटसरूंचे खून खरे होते आणि ते थांबवणं गरजेचं होतं. पण ते थांबवताना कंपनी सरकारने १८३६ मध्ये जो कायदा केला, त्याने पुराव्याची व्याख्याच बदलली. एखादा माणूस कधीकाळी ठगांच्या टोळीत होता एवढं सिद्ध झालं की सक्तमजुरीसह जन्मठेप. त्याने कोणाला, कुठे, केव्हा मारलं हे सिद्ध करायची गरज उरली नाही. कायदा होण्याआधी टोळीत असलेल्यालाही तो लागू होता. १८२६ ते १८४८ या काळात सुमारे ४,५०० माणसांवर ठगीचे खटले चालले. ५०४ जणांना फाशी झाली आणि सुमारे ३,००० जणांना जन्मठेप. दर नऊ आरोपींमागे एक फासावर गेला. यातला बराचसा पुरावा म्हणजे माफीच्या साक्षीदारांच्या जबान्या होत्या.

कृत्याऐवजी सोबतीवरून शिक्षा देता येते, हे एकदा कायद्यात बसलं. पुढच्या ३५ वर्षांत टोळीच्या जागी जात आली.

२९,५४३ दिवस

१२ ऑक्टोबर १८७१ रोजी क्रिमिनल ट्राइब्ज अॅक्ट, म्हणजे गुन्हेगार जमाती कायदा संमत झाला. सुताराचा मुलगा सुतार होतो तसा चोराचा मुलगा चोरच होणार, हा त्यामागचा युक्तिवाद होता. स्थानिक सरकारने एखादी जमात गुन्हेगार म्हणून जाहीर करायची, तिच्या लोकांची नोंदवही ठेवायची, त्यांनी पोलिसांकडे हजेरी लावायची, पासाशिवाय गाव सोडायचं नाही. सरकारच्या या जाहीरनाम्याविरुद्ध न्यायालयात दादही मागता येत नव्हती. सुरुवातीला उत्तर भारतापुरता असलेला हा कायदा १९११ मध्ये सगळ्या ब्रिटिश भारतात लागू करता येईल असा झाला आणि नोंदणीबरोबर बोटांचे ठसेही आले. १९२४ च्या कायद्याने सहा ते अठरा वर्षांच्या मुलांना आईबापांपासून वेगळं ठेवण्याचा अधिकार सरकारला दिला.

सोलापुरात अशा लोकांसाठी तारेच्या कुंपणाआड वसाहत होती. ‘सेटलमेंट’ हे नाव शहराच्या त्या भागाला आजही चिकटलेलं आहे. रोज दोनदा हजेरी धरली, तर तीस वर्षांत एका माणसाला २१,९०० वेळा सरकारपुढे उभं राहून आपण पळून गेलो नाही हे सांगावं लागतं. यातल्या एकाही वेळी त्याच्यावर गुन्हा दाखल असायची गरज नव्हती.

हा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी गेला. १८७१ पासून मोजले तर २९,५४३ दिवस. यातले शेवटचे १,८४३ दिवस स्वतंत्र भारतातले आहेत. १५ ऑगस्ट १९४७ रोजी देश मोकळा झाला, २६ जानेवारी १९५० रोजी राज्यघटना अमलात आली, पहिली सार्वत्रिक निवडणूकही पार पडली, आणि तरीही या देशातली लाखो माणसं जन्माने गुन्हेगारच होती. म्हणून विमुक्त समाज आपला मुक्तिदिन ३१ ऑगस्टला पाळतो. त्यांचं स्वातंत्र्य इतरांपेक्षा पाच वर्षं आणि सोळा दिवसांनी लहान आहे.

कायदा गेला आणि त्याच्या जागी राज्याराज्यांत सराईत गुन्हेगारांचे कायदे आले. मुंबई राज्याचा कायदा १९५९ चा. कागदावर फरक मोठा आहे: इथे जन्म पुरत नाही, आधीच्या शिक्षा लागतात. पण ठाण्याच्या ‘रेकॉर्डवरच्या’ याद्या, रात्रगस्तीत पालावर आणि बेड्यावर मारायच्या फेऱ्या, चोरी झाली की आधी कुठे जायचं याची पक्की सवय, हे कायद्याबरोबर रद्द झालं नाही. संयुक्त राष्ट्रांच्या वंशभेद निर्मूलन समितीने २००७ मध्ये भारताला हे कायदे रद्द करण्याची शिफारस केली होती. वंश आणि जात या वेगळ्या गोष्टी आहेत, हा भारत सरकारचा पवित्रा. समितीचं म्हणणं असं की जन्मावरून, वंशपरंपरेवरून होणारा भेदभाव तिच्या कक्षेत येतो. पालावर मध्यरात्री उठवल्या जाणाऱ्या पोराला या वादाने काही फरक पडत नाही. त्याला जन्मामुळेच उठवलेलं असतं.

१४ जाती, १०.७४ कोटी माणसं

महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत १४ नावं आहेत: बेरड, रामोशी, कैकाडी, कंजारभाट, वडार, राजपारधी, छप्परबंद, बंजारा आणि इतर. हिंगोली, परभणी, यवतमाळ, वाशीमच्या पट्ट्यात बंजारा तांडे जागोजागी आहेत. वडार समाजाचं पिढीजात काम दगड फोडण्याचं, माती उपसण्याचं. महाराष्ट्रातल्या विहिरी, रस्ते, बांध यांच्यामागे या हातांचे कष्ट आहेत. ज्यांनी राज्याच्या इतक्या गोष्टींचा पाया घातला, त्यांची नावं राज्याने गुन्हेगारांच्या वहीत लिहिली होती.

बाळकृष्ण रेणके यांच्या अध्यक्षतेखालच्या राष्ट्रीय आयोगाने २००८ मध्ये देशातल्या विमुक्त, भटक्या आणि अर्धभटक्या लोकांची संख्या १०.७४ कोटी धरली. हा अंदाज २००१ च्या लोकसंख्येवर बेतलेला होता आणि त्या वर्षी सगळ्या महाराष्ट्राची लोकसंख्या ९.६९ कोटी होती. म्हणजे एका महाराष्ट्राहून जास्त माणसं. हिंगोलीएवढे ९१ जिल्हे. भिकूजी इदाते यांच्या आयोगाने पुढे अशा १,५२६ समाजांची यादी केली. त्यातले २६९ समाज अनुसूचित जाती, जमाती किंवा इतर मागासवर्ग यांपैकी कुठल्याच यादीत नव्हते.

दहा कोटींच्या वर लोकसंख्येचा अंदाज बांधावा लागतो, कारण १९३१ नंतर त्यांची जातवार गणती झालेली नाही. १९३१ साली त्यांना मोजलं तेव्हा त्यांच्यावर पाळत होती. पाळत कायद्याने उठली आणि मोजणीही थांबली.

१,८८८ → ८९३ → ३५८ → २६

आता मोजणीची दुसरी बाजू. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २००१ ते २०२० या वीस वर्षांत देशात पोलीस कोठडीत १,८८८ मृत्यू झाले. पोलिसांविरुद्ध ८९३ प्रकरणं नोंदवली गेली. ३५८ पोलिसांवर आरोपपत्र दाखल झालं. शिक्षा झाली २६ पोलिसांना.

हे चारही आकडे एकाच मापाचे नाहीत. पहिला माणसांचा, दुसरा प्रकरणांचा, उरलेले दोन पोलिसांचे. कोठडीतला प्रत्येक मृत्यू मारहाणीनेच होतो असंही नाही. आजार असतात, आत्महत्या असतात. हे सगळं जमेला धरलं तरी १,८८८ पासून २६ पर्यंतची घसरण उलगडत नाही. वीस वर्षांत दर चौथ्या दिवशी एक मृत्यू, आणि दर नऊ महिन्यांनी एका पोलिसाला शिक्षा.

यातला एक तपशील अधिक अस्वस्थ करणारा आहे. या १,८८८ पैकी १,१८५ जण रिमांडवर नव्हते. त्यांना अटक झाली होती किंवा चौकशीला आणलं होतं, पण न्यायालयाने त्यांना कोठडीत पाठवलेलं नव्हतं. घटनेचं कलम २२ सांगतं की अटकेपासून २४ तासांच्या आत माणूस दंडाधिकाऱ्यासमोर उभा राहिला पाहिजे. त्याच्या अंगावर वळ आहेत का, हे त्या वेळी तिसरी व्यक्ती पहिल्यांदा पाहते. दर १०० मृतांपैकी ६३ जणांना अशी तिसरी व्यक्ती भेटलीच नाही. कोठडीतला सगळ्यात धोक्याचा काळ हा पहिल्या १,४४० मिनिटांचा आहे.

मानवाधिकार आयोगाकडची नोंद वेगळ्या पद्धतीने होते. संसदेत दिलेल्या उत्तरानुसार एप्रिल २०१७ ते मार्च २०२२ या पाच वर्षांत पोलीस कोठडीतल्या मृत्यूंची ६६९ प्रकरणं आयोगाकडे नोंदली गेली. गुजरात ८०, महाराष्ट्र ७६. सगळ्या देशातल्या दर नऊ प्रकरणांमागे एक आपल्या राज्यातलं.

परभणी : २२ वर्षं आणि २२७ दिवस

१ मे १९९९ पर्यंत हिंगोली परभणी जिल्ह्याचाच भाग होता. परभणीची गोष्ट इथल्या माणसांना परकी नाही.

परभणीचा ख्वाजा युनूस हा सत्तावीस वर्षांचा अभियंता. घाटकोपर बॉम्बस्फोटाच्या तपासात डिसेंबर २००२ मध्ये त्याला अटक झाली. जानेवारी २००३ नंतर तो कोणालाच दिसला नाही. तो पळून गेला असं पोलिसांनी सांगितलं. राज्य गुन्हे अन्वेषण विभागाच्या तपासात तो कोठडीतच मेल्याचं पुढे आलं. त्या तपासाने १४ पोलिसांकडे बोट दाखवलं आणि सरकारने खटल्याला परवानगी दिली चौघांपुरती. दोन दशकं उलटली तरी खटला निकालाला आला नाही.

त्यानंतर जवळपास २२ वर्षांनी, १० डिसेंबर २०२४ रोजी, परभणी रेल्वे स्थानकासमोर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पुतळ्याजवळ ठेवलेल्या राज्यघटनेच्या प्रतिकृतीची नासधूस झाली. ११ तारखेच्या बंदला हिंसक वळण लागलं. पोलिसांनी वस्त्यांत शिरून कोंबिंग केलं आणि पन्नासच्या आसपास लोकांना अटक केली. त्यांत सोमनाथ सूर्यवंशी होता: पस्तीस वर्षांचा, वडार समाजातला, कायद्याचं शिक्षण घेणारा. १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत असताना त्याचा मृत्यू झाला. शवविच्छेदनाच्या प्राथमिक अहवालात अनेक जखमांमुळे बसलेला धक्का हे कारण नोंदवलेलं होतं. मारहाण झाली नाही, त्याला श्वसनाचा आजार होता, असं सरकारने विधानसभेत सांगितलं. न्यायदंडाधिकाऱ्यांच्या चौकशीने पोलिसांवर ठपका ठेवला.

त्याची आई उच्च न्यायालयात गेली. ४ जुलै २०२५ रोजी छत्रपती संभाजीनगर खंडपीठाने गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला. राज्य सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेलं. ३० जुलैला तिथेही तो आदेश कायम राहिला. मृत्यूपासून तो दिवस २२७ वा. कोण दोषी, हे ठरायला लागणारे हे दिवस नाहीत. गुन्हा नोंदवायचा की नाही, एवढंच ठरायला २२७ दिवस गेले. दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळताच तो नोंदवणं पोलिसांवर बंधनकारक आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्येच सांगितलेलं होतं.

एक तरुण मुस्लिम, दुसरा विमुक्त जातीतला. दोघेही शिकलेले. शिक्षण संशयापासून वाचवतं असं आपण मुलांना सांगत आलो; परभणीने ते दोनदा खोटं ठरवलं.

याआधी १९९८ मध्ये असंच घडलं होतं. फेब्रुवारीत पश्चिम बंगालमधल्या पुरुलियात बुधन सबर आणि जूनमध्ये बारामतीत पिन्या हरी काळे हा पारधी, दोघेही पोलिसांच्या ताब्यात असताना मेले. महाश्वेता देवी, गणेश देवी आणि ‘उचल्या’कार लक्ष्मण गायकवाड यांनी त्या वर्षी विमुक्तांच्या हक्कांसाठी राष्ट्रीय पातळीवर काम उभं केलं. आज कागदावर जी काही थोडी नोंद दिसते, ती अशा माणसांनी हट्टाने करायला लावलेली आहे.

११ सूचना, ७ निर्देश, १३,१४० तास

उपाय कोणाला माहीत नाहीत असं नाही. डी. के. बसू खटल्यात १८ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अटकेसाठी ११ सूचना दिल्या: अटक करणाऱ्याच्या अंगावर नावाची पट्टी हवी, अटकेचा पंचनामा साक्षीदारासमोर हवा, नातेवाइकाला कळवायला हवं, दर ४८ तासांनी वैद्यकीय तपासणी हवी. प्रकाश सिंह खटल्यात २२ सप्टेंबर २००६ रोजी सात निर्देश आले: प्रमुख अधिकाऱ्यांना किमान दोन वर्षांचा कार्यकाळ, तपास आणि बंदोबस्त वेगळे, बदल्यांत राजकीय हस्तक्षेपाला आळा, आणि पोलिसांविरुद्धच्या तक्रारींसाठी स्वतंत्र प्राधिकरण. ही याचिका १९९६ ची. निकालाला दहा वर्षं लागली. महाराष्ट्राने कायद्यात दुरुस्ती केली ती २०१४ मध्ये. न्यायालयाने प्राधिकरण राज्य आणि जिल्हा अशा दोन पातळ्यांवर सांगितलं होतं. आपल्या कायद्याने ते राज्य आणि महसूल विभाग या पातळ्यांवर ठेवलं. औंढ्याच्या एखाद्या तांड्यावरच्या बाईला पोलिसाविरुद्ध तक्रार करायची असेल तर तिच्यासाठी हे अंतर फार मोठं आहे. जाण्यायेण्याचं भाडं, बुडालेली मजुरी आणि परत गावात त्याच पोलिसासमोर राहायचं, हे सगळं धरून ते मोजावं लागतं.

२ डिसेंबर २०२० रोजी न्यायालयाने प्रत्येक पोलीस ठाण्यात सीसीटीव्ही आणि १८ महिने चित्रण जपण्याचा आदेश दिला. एका कॅमेऱ्याचे हे १३,१४० तास. देशात साडेसतरा हजारांवर पोलीस ठाणी आहेत. सप्टेंबर २०२५ मध्ये राजस्थानात आठ महिन्यांत ११ जण पोलीस कोठडीत मेल्याची बातमी आली, तेव्हा न्यायालयाला या कॅमेऱ्यांबद्दल स्वतःहून पुन्हा विचारणा करावी लागली. कॅमेरा चालू आहे की बंद, हे तपासणारा माणूस ठाण्याच्या बाहेरचा नसेल, तर १३,१४० तासांतली नेमकी हवी ती दहा मिनिटंच सापडत नाहीत.

छळाविरोधी आंतरराष्ट्रीय करारावर भारताने १४ ऑक्टोबर १९९७ रोजी सही केली. तो मान्य करून देशात लागू करण्यासाठीचं विधेयक २०१० मध्ये लोकसभेत संमत झालं आणि पुढे बारगळलं. छळ हा स्वतंत्र गुन्हा म्हणून सांगणारा कायदा आपल्याकडे आजही नाही.

१४ तास

पोलिसाकडेही याच मापाने पाहायला हवं. कॉमन कॉज आणि सीएसडीएस या संस्थांनी २०१९ मध्ये २१ राज्यांतल्या सुमारे १२,००० पोलिसांशी बोलून केलेल्या पाहणीत पोलीस दिवसाला सरासरी १४ तास काम करतात असं दिसलं. मुस्लिम स्वभावतःच गुन्ह्याकडे वळतात, असं कमी-अधिक प्रमाणात मानणारे सुमारे निम्मे होते. किरकोळ गुन्ह्यांना खटल्याऐवजी पोलिसांनीच छोटी शिक्षा द्यावी, असं ३७ टक्क्यांना वाटत होतं.

हे तीन आकडे एकत्र वाचायला हवेत. चौदा तास राबलेला हवालदार, वरून ‘उद्यापर्यंत छडा लावा’ असा दबाव, ठसे आणि न्यायवैद्यक तपासाची साधनं अपुरी, आणि मनात दीडशे वर्षांचा संशय. यातून जवळची वाट एकच निघते: पालावर जायचं आणि चारदोन पोरं उचलून आणायची. एक पोलीस वाईट असतो म्हणून हे होत नाही. चांगला पोलीसही या साच्यात बसवला जातो, म्हणून हे इतक्या मोठ्या प्रमाणावर होतं. तासांची मर्यादा, भरलेल्या जागा आणि तपासाची खरी साधनं ही पोलिसाची मागणी आहे आणि विमुक्तांचीही.

मोजणी उलटी फिरवायची ती अशी

लंडनमध्ये २२ एप्रिल १९९३ रोजी स्टीफन लॉरेन्स या कृष्णवर्णीय मुलाचा खून झाला. तपासातल्या ढिलाईची चौकशी करून मॅकफर्सन यांनी फेब्रुवारी १९९९ मध्ये अहवाल दिला. पोलीस दलात संस्थात्मक वंशभेद आहे असं त्यांनी स्पष्ट लिहिलं आणि ७० शिफारशी केल्या. आज इंग्लंडमध्ये पोलीस रस्त्यात कोणाची झडती घेतात, त्याच्या वांशिक गटाची नोंद होते आणि दरवर्षी आकडे प्रसिद्ध होतात. कृष्णवर्णीय माणसाची झडती गोऱ्याच्या सुमारे चौपट वेळा होते, हे त्यामुळेच सगळ्यांना माहीत आहे. भेदभाव संपलेला नाही, पण तो नाकारता येत नाही. अमेरिकेत २५ मे २०२० रोजी जॉर्ज फ्लॉइडच्या मानेवर पोलिसाचा गुडघा ९ मिनिटं २९ सेकंद होता. एका सतरा वर्षांच्या मुलीने ते मोबाइलवर टिपलं, म्हणून ते ५६९ सेकंद दडपता आले नाहीत आणि त्या पोलिसाला साडेबावीस वर्षांची शिक्षा झाली.

आपल्याकडे ३ ऑक्टोबर २०२४ रोजी पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगांतली जातीवर आधारलेली कामवाटणी घटनाबाह्य ठरवली. विमुक्तांना सराईत मानणाऱ्या नियमावल्या बदलायला सांगितल्या आणि कैद्यांच्या नोंदवहीतला जातीचा रकाना काढायला सांगितला. झाडू कोणाच्या हातात द्यायचा हे ठरवणारा रकाना गेलाच पाहिजे. त्याच वेळी अन्याय किती आणि कोणावर, हे दाखवणारी संख्या हरवता कामा नये. तुरुंगाच्या फाटकावरच्या शिपायाला जात कळायची गरज नाही. नाव-गाव वगळून केलेली गणती संसदेला आणि लोकांना मिळायची गरज आहे. या दोन गोष्टी वेगळ्या ठेवणं अवघड नाही.

प्रत्येक जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकांनी दर महिन्याला चार आकडे जाहीर करावेत: किती जणांना चौकशीसाठी ठाण्यात आणलं, त्यांतले कोणत्या समाजघटकांतले किती, किती जणांना २४ तासांत न्यायालयापुढे नेलं, आणि ठाण्यातले किती कॅमेरे किती तास बंद होते. कोठडीत मृत्यू झाला तर २४ तासांत मानवाधिकार आयोगाला कळवण्याचा नियम १९९३ पासून आहे. त्याच मुदतीत गुन्हाही नोंदवला जावा आणि तपास दुसऱ्या यंत्रणेकडे जावा. तक्रार प्राधिकरण जिल्ह्यापर्यंत यावं. पहिल्याच गुन्ह्यात शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढलेल्याला जामीन देण्याची तरतूद १ जुलै २०२४ पासून कायद्यात आहे. मात्र जन्मठेप किंवा फाशीच्या गुन्ह्यांना ती लागू नाही. जामीनदार नाही, कागद नाही, म्हणून अडकलेल्या भटक्यांच्या याद्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणांनी स्वतः तुरुंगात जाऊन कराव्यात. आणि जाहीर झालेल्या जनगणनेत, जिची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे आणि जिच्यात जातगणना होणार आहे, विमुक्त-भटक्यांना स्वतंत्र रकाना मिळावा.

यातल्या कशालाही नवं तंत्रज्ञान किंवा अफाट पैसा लागत नाही. ज्या यंत्रणेने ऐंशी वर्षं एकेका माणसाची दिवसातून दोनदा हजेरी घेतली, एकेकाच्या बोटांचे ठसे जपले, पास तपासले, तिला मोजता येत नाही असं कोणी म्हणू शकणार नाही. तीच वही आता ठाण्याच्या कारभारासाठी उघडावी आणि ती लोकांना वाचता यावी. १,८८८ आणि २६ यांच्यामध्ये हरवलेली माणसं या राज्याची नागरिक होती. त्यांचा हिशोब मागणं हे त्यांच्या समाजांवर सोडून चालणार नाही. तो आपण सगळ्यांनी, आपापल्या जिल्ह्याच्या ठाण्यापासून, मागायचा आहे.